आराकानात (ब्रह्मदेशात) बेपत्ता झालेले बाळकाका: तारीख कुठे मिळेल?

वैजू_दांडियाबाजार (वडोदरा)

नमस्कार मंडळी. विमानं आणि लढाया यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण इथे जुन्या कागदांवर बोलणारी जाणती मंडळी आहेत म्हणून विचारते. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर पाडायला द्यायचं ठरलंय. आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा खालच्या खोलीतलं होतं नव्हतं ते भिजलं, ही वर होती म्हणून वाचली. तिच्यात बाळकाकांच्या वस्तू आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उघडायची मात्र कुणाची टाप नव्हती. आधी पणजीच्या धाकानं, नंतर सवयीनं.

बाळकाका म्हणजे आजोबांचे भाऊ, भावांत सगळ्यांत धाकटे. नात्यानं माझे चुलत आजोबा. पण एकविसाच्या पुढे त्यांचं वय सरकलंच नाही, त्यामुळे बाबा त्यांना बाळकाका म्हणायचे, मीही तेच म्हणते आणि माझी लेकही. कलाभवनात इलेक्ट्रिकलला होते. घरातला रेडिओ उघडून ठेवायचा आणि ऐन बातम्यांच्या वेळी पणजोबांच्या शिव्या खायच्या, हा आवडता उद्योग. १९४२ मध्ये हवाई दलात वायरलेस येणाऱ्या मुलांना घेताहेत असं कळलं आणि हे गेले. पणजोबा गायकवाडी कचेरीत कारकून, गावात 'चले जाव'ची हवा, आणि मुलगा साहेबाच्या विमानात बसणार म्हणून घरात बरीच धुसफूस झाली म्हणे. त्यावर इथे वाद नको, प्लीज.

ट्रंकेत एक स्टुडिओतला फोटो आहे. छातीवर डाव्या बाजूला पंख शिवलेला, पण एकच. तसाच एक सुटा पंख रुमालात गुंडाळून ठेवलाय. काळपट कापडावर मळकट पांढऱ्या रेशमाचं भरतकाम, एका टोकाला गोलात 'एजी' ही इंग्रजी अक्षरं, आणि गोलाच्या पलीकडे काहीच नाही. कड उसवू नये म्हणून पणजीनं मागून दोन टाके घातलेत, तेही साध्या पांढऱ्या दोऱ्यानं, घाईघाईत घातल्यासारखे. बाळकाकांच्या पाठची बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, सांगायची की उरलेला अर्धा पंख त्याच्याजवळ आहे, तो आला की जोडायचा. पणजीनंच तिला तसं सांगितलं होतं.

मग पत्रं. काही ओळी सेन्सॉरनं काळ्या केल्यात. तरी 'वाऱ्याला खार आहे, कपडे धड वाळत नाहीत' आणि 'सुक्या मासळीचा वास नाकातून जात नाही, हे आईला वाचून दाखवू नका' एवढं सुटलंय. आमचं विमान तेल फार पितं, ही तक्रार दोनदा आहे.

त्याखाली तार. हवाई कामगिरीवरून न परतल्यामुळे बेपत्ता, सविस्तर पत्र येत आहे, अशा अर्थाची. मार्च १९४४ एवढं वाचता येतं. दिवसाचा आकडा होता नेमक्या तिथेच वाळवीनं भोक पाडलंय. होळी झाली होती आणि पाडवा यायचा होता हे मात्र नक्की, कारण गुढी उभारायची की नाही यावर घरात बोलणं झालं होतं. शेजारपाजारच्या बायका समजूत घालायला आल्या. पणजी म्हणाली, "बेपत्ता आहे ना? मग सुतक कसलं?" आणि तिनं स्वतः गाठी बांधून गुढी उभी केली.

शेवटचा कागद आईवडिलांना मिळायच्या पेन्शनचा. पणजोबांची सही झालेली, पणजीच्या नावापुढे कोरं. मुलगा गेला असं लिहून दिल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते आणि ती लिहून देईना. दोन मुली लग्नाच्या होत्या, तरी नाही. श्राद्धही तिनं कधी करू दिलं नाही. १९७१ मध्ये ती गेली. त्यानंतर आजोबांनी केलं नाही, बाबांनीही नाही. तिथी माहीत नाही ही सबब सगळ्यांनाच सोयीची होती.

मला शौर्यकथा नको, पदकं नकोत. ते विमान कुठल्या दिवशी परत आलं नाही, एवढी तारीख हवी आहे. ती कुठे मिळेल? आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर त्यांचं नाव असायला हवं ना? भाचा जाऊन शोधून आला, सापडलं नाही म्हणतो.

सूरसागर_कट्टा (वडोदरा)

ताई, अगदी सोपं आहे! दुसऱ्या महायुद्धात '१२४ बडोदा स्क्वाड्रन' (लढाऊ विमानांची तुकडी) होती, आपल्या गावाच्या नावाची. काका त्यातच असणार. तिचा इतिहास काढा, तारीख मिळेल. बडोदेकर म्हणून छाती फुगली.

फॉर्म_५४१ (पुणे)

सूरसागर, छाती जरा आवरा. १२४ ला बडोद्याचं नाव मिळालं ते संस्थानानं विमानांसाठी पैसे दिले म्हणून. हैदराबाद, म्हैसूर यांच्या नावानंही अशा स्क्वाड्रन होत्या. माणसं बडोद्याची असण्याचा संबंध नाही. १९४१ मध्ये ती स्पिटफायरवर उभी राहिली आणि लढाईभर विलायतेतच होती. चिन्हावर मुंगूस घेतलंय, हिंदुस्थानी म्हणायला तेवढंच. शिवाय स्पिटफायर एका माणसाचं विमान, त्यात गनर (मशीनगन चालवणारा; काका तेच होते, खाली सांगतो) बसवायचा कुठे?

वैजूताई, आधी त्या पंखाचं सांगतो. तो अर्धा तोडलेला नाही. दोन पंख फक्त पायलटच्या छातीवर असत. गनर, नॅव्हिगेटर वगैरे बाकीच्या उडणाऱ्यांना एकच पंख आणि टोकाला त्यांच्या कामाची अक्षरं. एजी म्हणजे एअर गनर. तुमच्याकडे आहे तो पुरा आहे.

खारा वारा, सुकी मासळी आणि तेल पिणारं विमान, या तिन्हीवरून मी पैज लावायला तयार आहे की तुमचे काका हिंदी हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनमध्ये होते. त्या वेळी आपल्या हवाई दलात बॉम्बर म्हणावीत अशा दोनच स्क्वाड्रन लढाईवर होत्या, ७ आणि ८. दोन्ही १ डिसेंबर १९४२ ला सुरू झाल्या आणि दोघींकडे व्हल्टी व्हेन्जन्स हे अमेरिकन विमान होतं. ८ नंबर १९४३ च्या डिसेंबरात चित्तगाँवजवळच्या डबल मूरिंग्जच्या धावपट्टीवरून आराकान आघाडीवर जाऊ लागली. ७ नंबर १९४४ च्या मार्चमध्ये सिल्चरजवळ उदरबंदला आली. तिथून लिहिलेल्या पत्रात चहाचे मळे आले असते, सुकी मासळी कशाला येईल?

व्हेन्जन्स हा डाइव्ह बॉम्बर. दहा-बारा हजार फुटांवरून नाक थेट जमिनीकडे करून सूर मारायचा, पंखांवरच्या ब्रेकच्या फळ्या उघडून वेग आवरायचा, बॉम्ब सोडायचा आणि झाडांच्या शेंड्यांपाशी विमान सरळ करायचं. पोटात पाचशे पौंडांचे दोन बॉम्ब आणि पंखांखाली अडीचशेचे दोन. माणसंही दोनच. पुढे पायलट, आणि काचेच्या त्याच लांबट छताखाली मागे, शेपटीकडे तोंड करून, वायरलेस ऑपरेटर-गनर. म्हणजे तुमचे काका. जरा डोळ्यांसमोर आणा: विमान सूर मारतं तेव्हा शेपटी वर जाते, आणि शेपटीकडे तोंड करून बसलेला माणूस उताणा होतो. पायलटला जमीन अंगावर येताना दिसते, याला दिसतं फक्त आभाळ. आपण किती खाली आलो हे त्याला कळतं ते कानाच्या दड्यांवरून आणि पायलटच्या आवाजावरून. दोन ओळींत सिलिंडर असलेलं मोठं राइट सायक्लोन इंजिन होतं आणि त्याच्या तेल पिण्याबद्दल सगळ्याच स्क्वाड्रन बोंबलत होत्या. काकांची तक्रार अगदी खरी आहे.

मार्च १९४४ चं म्हणाल तर आराकानात तेव्हा धुमश्चक्री होती. फेब्रुवारीत जपान्यांनी ॲडमिन बॉक्स या ब्रिटिशांच्या तळाला दिलेला वेढा मोडला होता आणि मार्चमध्ये बुथीदौंगकडे पुन्हा चढाई सुरू झाली होती. खाली डोंगर, दाट जंगल आणि भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या खाड्या. विमान एकदा तिथे उतरलं तर वरून दिसण्याची आशा फारशी नसे.

आता तारखेचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं, पैसे लागत नाहीत. एक गोची लक्षात ठेवा. ब्रह्मदेशात गेले म्हणून लोक रंगूनजवळच्या तौक्यानच्या स्मारकावर शोधत बसतात. तिथली सत्तावीस हजार नावं भूदलाची आहेत. ज्यांची कबर नाही अशा या भागातल्या वैमानिकांची नावं सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर आहेत. तेव्हा यादीत 'सिंगापूर मेमोरियल' निवडा. आडनावावर फार विसंबू नका. कारकुनांनी मराठी आडनावांची वाट लावलेली असते, कधी वडिलांचं नावच आडनाव म्हणून लागतं. आडनाव सोडून द्या, वायुदल आणि १९४४ एवढंच टाका आणि तळटिपेत 'ऑफ बडोदा' दिसतं का पाहा. बऱ्याच नोंदींत आईवडिलांची नावं आणि गाव असतं.

तिथे मृत्यूची म्हणून जी तारीख असते, ती अशा प्रकरणांत विमान परत आलं नाही त्या दिवसाची असते. पक्कं करायचं तर लंडनजवळ क्यूच्या नॅशनल अर्काइव्हमध्ये 'एअर २७' या मालिकेत स्क्वाड्रनच्या रोजवह्या आहेत. त्यातल्या फॉर्म ५४१ वर (हो, माझं नाव तिथलंच) प्रत्येक फेरीचं विमान, दोघांची नावं, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ असं लिहिलेलं असतं. जे आलं नाही त्याची उतरण्याची वेळ रिकामी.

राष्ट्रीय युद्धस्मारकावर नाव नाही, कारण २०१९ मध्ये उघडलेल्या त्या स्मारकावर स्वातंत्र्यानंतरचे शहीद आहेत. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धाची आणि अफगाण लढाईची. दुसऱ्या महायुद्धातला आपला पोरगा या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. मला विचाराल तर हे बरोबर नाही, पण आहे असं आहे.

जिरावण_इंदूर (इंदूर)

माहिती झकास. पण ताई, राग मानू नका. पणजीबाईंनी जन्मभर नाही म्हटलं, पेन्शनवर पाणी सोडलं, आणि आता ऐंशी वर्षांनी तुम्ही तिथी काढून पान वाढणार? त्यांचा शब्द राहू द्या की. आमच्याकडेही एक मामा असेच गेले, आम्ही विषय काढत नाही.

नाना_लष्कर (ग्वाल्हेर)

मी भिक्षुकी केलेला माणूस, म्हणून शास्त्राचं तेवढं सांगतो.

बेपत्ता माणसाला गेला म्हणायच्या तीन मुदती. लष्करी खातं साधारण सहा महिने थांबून कागदोपत्री मृत धरी. कायद्यात, पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे, सात वर्षं. धर्मशास्त्रात बारा. बारा वर्षं काही खबर नसेल तर पालाशविधी करतात. पळसाची तीनशे साठ पानं घेऊन माणसाचा आकार मांडायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. आमच्या वडिलांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरी हा विधी केला, तेव्हा मी पानं मोजायला होतो. त्या घरची सून पानं पुसून देत होती आणि मध्येच म्हणाली, उंची थोडी जास्त धरा, ते उंच होते. वडिलांनी काही न बोलता पायाकडची पानं पुढे सरकवली.

तुमच्या पणजीबाईंनी या तिन्ही मुदती जाऊ दिल्या. त्यांचा अधिकार होता. शास्त्रानंही याला वाट ठेवली आहे: पालाशविधी झाल्यावर माणूस परत आला तर त्याचे संस्कार पुन्हा करून त्याला घरात घ्यायची सोय आहे. म्हणजे लिहिणाऱ्यालाही आईचं मन ठाऊक होतं.

आता तुम्ही करायचं काय? तारीख मिळाली तर पंचांगावरून तिथी निघेल. १९४४ चा पाडवा २५ मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे होळीनंतरचे असतील तर फाल्गुन वद्य पक्ष. नाहीच मिळाली तर भाद्रपद वद्य चतुर्दशी आहे. शस्त्रानं, अपघातानं गेलेल्यांसाठी ती राखलेली आहे. सर्वपित्रीला तर सगळेच आले. एवढा खल करण्यापेक्षा तीळ आणि पाणी पुरे. आणि इंदूरकर, विषय न काढणं हाही एक निर्णयच असतो, तो पुढच्या पिढीनं पाळलाच पाहिजे असं नाही.

वैजू_दांडियाबाजार (वडोदरा)

फॉर्म, तुमचे आभार कसे मानू. पंखाचं वाचलं आणि थेट आत्याआजीकडे गेले. ती आता शहाण्णवची आहे, ऐकू कमी येतं. पंख तिच्या हातात दिला आणि ओरडून सांगितलं की हा एवढाच असतो, पुरा आहे. ती बराच वेळ बोटानं चाचपत होती. मग म्हणाली, "आईला माहीत होतं. फोटोत एकच आहे की." म्हणजे तिलाही माहीत होतं, आणि दोघी मायलेकी एकमेकींना फसवत राहिल्या. मी यावर काही बोलले नाही. तिनं चहा मागितला, सोबत शंकरपाळी हवी म्हणाली.

जिरावणजी, राग नाही. पण पणजीचा हट्ट हा आईचा हट्ट होता. तो मला वारशात मिळत नाही. तिला मुलगा यायचा होता. मी तर त्यांना पाहिलेलंही नाही, मी वाट कोणाची पाहू? आणि खरं सांगते, ट्रंक आता नव्या फ्लॅटमध्ये जाणार, तिथे माळा नाही. माझ्या लेकीनं तरी हा कागद कसला म्हणून विचारलं तर पुरं उत्तर देता यायला हवं.

लेकच शोधायला बसली. आडनावावरून काही निघालं नाही. फॉर्मनी सांगितलं तसं आडनाव सोडून पाहिलं, तर पणजोबांचं नाव आडनाव म्हणून लागलंय, आणि खाली आईचं नाव, पणजीचं, आणि 'ऑफ बडोदा, इंडिया'. तारीख आहे. होळी आणि पाडव्याच्या मधलीच. इथे लिहीत नाही, घरच्यांना आधी सांगायची आहे. सार्जंट, वय २१.

नाना, तुमचा मान राखून, पालाशविधी नाही करणार. आत्याआजीला विचारलं, ती म्हणाली पानं जाळू नका, त्याला धुराचा त्रास व्हायचा. तिथीला तर्पण करू, चुलतभाऊ तयार आहे. पेन्शनच्या फॉर्मचं काय करायचं ते मात्र ठरत नाही. चुलतभाऊ म्हणतो विसर्जन करू, मला तो ठेवायचा आहे.

आणि एक. इथे कोणी सिंगापूरला असतं का? स्मारकाच्या खांबाचा नंबर नोंदीत दिलाय. फोटो हवा होता.

सिंगापुरी_मिसळ (सिंगापूर)

मी आहे ताई. क्रांजीच्या एमआरटी (मेट्रो) स्टेशनला उतरून पुढे थोडं चालायचं, अवघड काही नाही. टेकडीवर चढलं की स्मारक दिसतं, वरचा भाग विमानाच्या पंखासारखा आणि मध्ये शेपटीसारखा उभा मनोरा. त्याखाली खांबांच्या रांगा, चोवीस हजारांहून जास्त नावं आहेत, त्यामुळे नंबर नसेल तर दिवस जातो. पूर्वी एकदा एकांचं नाव शोधायला गेले होते, म्हणून माहीत आहे. नोंदीत खांबाचा नंबर आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग जसं आहे तसंच मेसेजमध्ये पाठवा, तुम्ही घरी लिहिता तसं नको. नावं उंचावर असली तर झूम लागतो, नवऱ्याचा कॅमेरा घेऊन जाते. सकाळी गेलेलं बरं, दुपारी उजेड समोरून येतो आणि अक्षरं पुसट येतात. या रविवारी पाऊस नसला तर या रविवारीच.

फॉर्म_५४१ (पुणे)

वैजूताई, पेन्शनचा फॉर्म विसर्जन वगैरे काही करू नका. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, मागे शिक्का किंवा फाइल नंबर असेल. त्यावरून पुढचे कागद निघू शकतात. तारही सपाट करून, टेप न लावता, पातळ कागदात ठेवा. वाळवीचं भोक असू द्या तसंच. आणि तारीख घरच्यांना सांगून झाली की मला कळवा, त्या दिवसाचं पान क्यूहून मागवतो. पायलट कोण होता तेही त्यात असेल. त्याच्याही घरी कोणी शोधत असेल.